काळेपणाची किंमत

नवरा गेल्यावर तिने आधी कपाटातलं काळंकुट्ट नाणं दंतमंजनाने घासून लख्ख केलं. जन्मभर त्याने ते तिच्या हाती लागू दिलं नव्हतं. बघितलं तरी डोळे वटारायचा. जुन्या नाण्यांच्या व्यापाऱ्याने भिंगातून पाहिलं आणि कपाळावर हात मारला. “घासलंत कशाला, काकू? काळेपणालाच तर किंमत होती. आता चांदीचाच भाव.” “मेल्याने सांगून तरी मरायचं!” ती करवादली. तो नरमला. “काकांनी दाखवलं तेव्हा त्यावर चिमुकल्या अंगठ्याचा ठसाही होता, घामाने चांदीत मुरलेला. मी म्हटलं, याने किंमत कमी होते. तर नाणं उचलून चालते झाले. ठसा तरी गेला.” तिला तापाने फणफणलेली लेक आठवली, हेच नाणं मुठीत धरून निजलेली. सकाळी ती गार पडलेली मूठ नवऱ्यानेच उघडली होती. तिने भिंग मागितलं. त्याने दुकानातले दिवे मालवले, तरी तिने ते डोळ्यावरून काढलं नाही.