मागे सूर्य पाहिजे

शेवटी फोटो बिघडला, आणि तो खुद्द सुपडू आबांनीच बिघडवला. पण हे आत्ताच सांगायला नको होतं. समजा, सांगितलंच नाही. सूर्य अजून दिसलेला नाही, आबा सोनगीरच्या किल्ल्यावर पूर्वेकडे पाठ करून ताठ उभे आहेत, आणि समोर कॅमेरा घेऊन त्यांचा नातू आकाश या पायावरून त्या पायावर होतो आहे.

आबांनी नोकरीच्या निरोप समारंभाचा कोट घातला होता, गळ्यापर्यंत बटणं लावून. उद्या त्यांना धुळ्याच्या दवाखान्यात दाखल व्हायचं होतं. परवा डॉक्टर छाती उघडणार होते. अशा वेळी माणूस डॉक्टर बदलतो, निदान घाबरतो तरी. आबांनी फोटो काढायचं ठरवलं. श्रद्धांजलीच्या बॅनरसाठी.

"आबा, तुम्ही बरे होऊन घरी येणार आहात," आकाश म्हणाला.

"आलो तर घरमा टांगसू. नही आलो तर तू चौकात लाव. फोटो वाया जात नही."

पूर्वेला ढगांचा जाडजूड पट्टा आडवा पडला होता, कोणी सतरंजी वाळत घालून विसरून गेल्यासारखा. खाली हायवेवर ट्रक दिवे लावून चालले होते. मोबाईलच्या म्हणण्याप्रमाणे सूर्य केव्हाच उगवला होता. आकाशनं मोबाईल आकाशाला दाखवला. काही फरक पडला नाही.

त्यानं लेन्स पुसली. पुसलेली पुन्हा पुसली. एका दगडाचा फोटो काढला, आवडला नाही, खोडून टाकला.

"आबा, चला खाली. दुकानात बसून मी सूर्य मागून टाकतो. पाहिजे तर दोन टाकतो."

"तू जीवरामना मागे बर्फ टाकेल व्हता."

आबांचा मित्र जीवराम गेला तेव्हा बॅनर आकाशच्याच दुकानात छापलं होतं. आधार कार्डावरचा चेहरा, आणि मागे रिकामं दिसू नये म्हणून बर्फाचे डोंगर. जीवराम उभ्या आयुष्यात धुळ्याच्या पुढे गेला नव्हता. तिसऱ्या दिवसापर्यंत लोक विचारत होते, तिकडेच वारला का, आणि आणला कसा.

"मनं मरण खरं," आबा म्हणाले, "तर सूर्यबी खराच पाहिजे."

कोटाच्या खिशात फोन वाजला. आजीचा होता. धुरपदाबाईंना दोघं सांगून आले होते, की रिकाम्या पोटी रक्त तपासायला जातो. गड चढायचा म्हटल्यावर त्यांनी आबांची चप्पल लपवली असती.

"इतका वेळ?" आजीचा आवाज कॅमेऱ्यापर्यंत ऐकू आला. "किती रक्त काढी ऱ्हायनात ते?"

"रांग मोठी शे," म्हणून आबांनी फोन ठेवला. आणि न हलता पुन्हा सूर्याच्या रांगेत उभे राहिले.

आकाशला मात्र उभं राहवेना. आबांचा श्वास अजून बसला नव्हता. बसत बसत चढूनही बटणांची ओळ वरखाली होत होती. "नाहीच आला तर?" त्यानं विचारलं. आपण नेमकं कशाबद्दल विचारतोय, हे त्यालाच कळेना.

"मी आवक-जावकना टेबलवर जन्म काढा," आबा म्हणाले. "बठ्ठा, एकूण एक साहेब उशिरा येत. पण सही कराले येतच."

आणि ढगांचा पट्टा मधोमध फाटला.

"आबा, आला! हलू नका!"

आबा हलले. नुसते हलले नाहीत, पायांसकट गर्रकन फिरले.

"आबा, तोंड इकडे! इकडे!"

"थांब रे."

आकाश बटण दाबत राहिला, ओरडत राहिला, पुन्हा बटण दाबत राहिला. कॅमेऱ्यात कोट होता, कोटाच्या पाठीवर पेटीतली घडी होती, आणि आबांच्या पातळ कानांतून लाल उजेड आरपार येत होता. मग ढग पुन्हा जुळले. सही झाली होती, साहेब निघून गेले.

आबा सावकाश वळले. चष्मा काढून डोळे पुसत म्हणाले, "दाखव."

आकाशनं दाखवलं.

"मी कोठे शे?"

"हे तुम्हीच. पाठ आहे ही." आकाशचा आवाज चढला. "चौकात लावलं तर कोण गेलं तेच कळणार नाही! तुम्हाला फक्त सूर्याकडे पाठ करून उभं राहायचं होतं, आबा. बाकी काही नाही."

"इतका चढीसन यायचं," आबा म्हणाले, "अन् त्याले न बघता जायचं का?"

कॅमेरा बंद करून आकाशनं तो गळ्यात अडकवला. "बरं, उद्या पुन्हा..." म्हणाला, आणि मध्येच थांबला.

आबा दगडावर बसले. कोटाचं वरचं बटण त्यांनी पहिल्यांदाच सोडलं. मग म्हणाले, "मोबाईल काढ. लिही."

"कोणाच्या नावानं?"

"वर कोणी साहेब नही शे, ते माले ठाऊक शे. तरी लिही." त्यांनी घसा साफ केला आणि टेबलावरची भाषा काढली. "सविनय विनंती अर्ज. अर्जदार उद्या दवाखान्यात दाखल होत असून, सूर्य पाहण्यात वेळ गेल्याने फोटोचे काम अपूर्ण राहिले आहे. तरी मौजे सोनगीर येथील आजचा सूर्योदय आणखी एक वेळ करून मिळावा. या खेपेस अर्जदार मागे वळून पाहणार नाही, अशी हमी देतो."