हायब्रीडचा फोटो

गावात हायब्रीड ज्वारी पहिल्यांदा आली ती सरकारी प्रात्यक्षिक म्हणून, रुपराव पाटलांच्या शेतात. कणसं टपोरी, पण धांडे ठेंगणे. नागपूरहून फोटो काढायला साहेब आले, तर उंचपुऱ्या रुपरावांच्या छातीलाही पीक पोचेना.

"पीक डोक्याच्या वर दिसलं पाहिजे," साहेब हटूनच बसले.

ग्रामसेवकानं शेताच्या धुऱ्यावर रोजानं पाखरं हाकणाऱ्या लहानूला हाक मारली. "इकडं ये गा, इथं उभा राह्य." रुपरावांचा कोट लहानूच्या अंगावर चढला आणि कणसं त्याच्या डोक्याच्या वर डोलू लागली. बुटका म्हणून जन्मभर हसं झालेला तो माणूस त्या दिवशी पहिल्यांदा ताठ उभा राहिला. महिनाभरात जिल्ह्यातल्या प्रत्येक कचेरीत पोस्टर लागलं, 'प्रगतिशील शेतकरी लहानू खोब्रागडे'.

दोन वर्षांनी सरकार भूमिहीनांना पडीक जमीन वाटू लागलं. लहानू अर्ज घेऊन तहसीलीत गेला. रांगेत अर्धा दिवस मोडल्यावर बाबूनं अर्ज वाचला, लहानूला नीट न्याहाळलं आणि खुर्चीमागच्या भिंतीवरच्या पोस्टरकडे वळून पाहिलं.

"मले वीतभर बी जमीन नाही जी," लहानूनं हात जोडले. "दुसऱ्याच्याच वावरातली पाखरं हाकून राहिलो."

बाबूनं अर्ज परत सरकवला.

 

"काहून खोटं बोलून राहिला गा? तुह्या वावरातली ज्वारी तं तुह्या डोक्याच्या वर हाये!"