तिसऱ्या गिअरला अडकलेली गाडी

जावयाने सासऱ्याची कॉलर धरली आणि त्याला बॉनेटवर आदळलं. म्हाताऱ्याचा ओठ फुटला. रक्त हनुवटीवरून शर्टावर उतरलं. गॅरेज म्हाताऱ्याचं, गाडी जावयाची. म्हाताऱ्याची मुलगी पुढच्या सीटवर मान खाली घालून बसली होती. तिथे चौथं कोणी नव्हतं.

जावयाचं म्हणणं असं, की सर्व्हिसिंग सासऱ्याने केली आणि तेव्हापासूनच गाडीचा ऑटोमॅटिक गिअर तिसऱ्यावर अडकून बसलाय. गाडी उचल घेत नाही, चढावर तर रडते. दुसऱ्या गॅरेजवाल्यांनी केव्हाच हात वर केले होते. ऑटोमॅटिकचं काम जाणणारा आसपास सासराच एकटा. नाक मुठीत धरून त्याच्याच दारात यावं लागलं, याचाही राग त्या बॉनेटवर निघाला होता. बायको समोर असली की सासरा नाही म्हणणार नाही, म्हणून तिला बरोबर आणलं होतं.

म्हाताऱ्याने मुलीकडे नीट पाहिलंही नाही. ओठ बाहीला पुसून त्याने स्कॅनर लावला. गिअर बदलणाऱ्या एका सोलेनॉइडला, म्हणजे विजेवर चालणाऱ्या झडपेला, करंट पोचत नव्हता. आतलं काही जळू नये म्हणून गाडीच्या कॉम्प्युटरने एकच गिअर चालू ठेवला होता. त्याने गिअरबॉक्सवरचं सॉकेट काढून मीटर लावला. सोलेनॉइड ठणठणीत. म्हणजे दोष वाटेत कुठेतरी, वायरिंगमध्ये.

पाठीमागे जावयाच्या शिव्या चालूच होत्या. अहोजाहो केव्हाच संपलं होतं. म्हाताऱ्याचा हात सावकाश चालतोय म्हणून जावयाने स्टूल उचलून भिंतीवर भिरकावलं. ट्यूबलाइट फुटली. काचा म्हाताऱ्याच्या मानेवर पडल्या. तो वायर चाचपत राहिला.

बॅटरीच्या ट्रेखाली त्याची बोटं थांबली. वायरींच्या जुडग्यावर तिथे नवी टेप होती. त्याने ती सोडवली. एवढ्या वायरींतली एकच तुटलेली होती, नेमकी त्या सोलेनॉइडची, आणि दोन्ही टोकं कटरने कापल्यासारखी साफ होती. शेजारच्या एकीलाही ओरखडा नव्हता. हे काम माहीतगाराचं होतं. लग्नाआधी या गॅरेजातलं वायरिंगचं सगळं काम मुलगीच बघायची.

“उंदराने कुरतडलीय,” तो म्हणाला. “जोडून देतो.”

पण जावई खांद्यावरून वाकून बघत होता. उंदीर टेप गुंडाळत नाही, एवढं त्यालाही कळत होतं. त्याने गाडीचं दार उघडलं, बायकोला केसांना धरून बाहेर ओढलं आणि तिचं डोकं दाराच्या कडेवर आपटलं. पुन्हा आपटलं. ती ओरडली नाही. तिने नुसते दोन्ही हात कानांवर घेतले आणि अंग आखडून घेतलं. रोजच्या सवयीचं काम करावं, तसं. ते म्हाताऱ्याने पाहिलं.

त्याने जॅकचा दांडा उचलला. पहिला घाव जावयाच्या मनगटावर बसला. हाड मोडल्याचा आवाज आला. जावई अंगावर धावून आला, तेव्हा दुसरा गुडघ्यावर. तो कोसळला. पडल्या पडल्याही त्याने चांगल्या हाताने तिचा पाय पकडला, तेव्हा तिसरा खांद्यावर. मग तो नुसता कण्हत राहिला. म्हाताऱ्याने त्याला बखोटीला धरून बाहेर फरफटत नेलं, पोलिसांना खुशाल बोलाव म्हणून सांगितलं आणि शटर खाली ओढलं.

मग तो फरशीवर मुलीशेजारी बसला. ओला फडका त्याने तिच्या कपाळाला लावला.

“वायर कशाला कापत बसलीस?” तो म्हणाला. “सरळ निघून यायचं होतंस.”

तिने त्याच्या हातातून फडका घेतला आणि त्याच्या फुटलेल्या ओठाला लावला.

“दोनदा आले होते, बाबा. दोन्ही वेळा काही न विचारता तुम्ही मला परत नेऊन सोडलंत. म्हटलं, गाडी आली तर निदान उघडून बघाल.”