लाल ठिपका

"आजोबा, लॅपटॉपवर सगळं ठीक दिसतंय," शामल म्हणाली. टर्बो बसवलेली तिची गाडी चढाला गुदमरत होती आणि शर्यत रविवारी होती.

मला गॅरेजचं काम शिकवणाऱ्या दिवंगत उस्तादांचं पेट्रोलचा दाब मोजायचं मीटर मी नळीला जोडून, काचेतून आतून दिसेल असं वायपरखाली अडकवलं. घाटात टर्बोने जोर धरताच काटा लाल ठिपक्याखाली घसरला.

"पेट्रोलचा पंप अपुरा पडतोय. अशीच पळवलीस तर इंजिन जाईल."

"ठिपका कसला?"

"काम शिकत होतो तेव्हा मला आकडे वाचता येत नव्हते. उस्तादांनी भाभींचं नेलपॉलिश लावलं. म्हणाले, काटा याच्या वर आहे का, एवढंच सांग."

मोठा पंप बसवून तोच चढ चढलो. गाडी एकदाही गुदमरली नाही.

"आकडा किती?" रस्त्यावरची नजर न हलवता शामलने विचारलं.

वयाच्या साठीत शिकलेले आकडे मला स्पष्ट दिसत होते.

"ठिपक्याच्या वर, उस्ताद," माझ्या तोंडून निघालं.