न कापलेली पानं

"तू आपला वारसा कापलास, बोग्ना!" ग्रंथपालबाईंनी तिचा चाकू शिस्तपालन समितीपुढे ठेवला.

"बाई, इतक्या जुन्या पुस्तकांची पानं कडेला जोडलेलीच असतात. वाचणाऱ्यानंच ती कापायची. दीडशे वर्षांत एकानंही हे पुस्तक वाचलं नाही, हा काय माझा दोष?"

अध्यक्षांनी भिंतीवरच्या तसबिरीकडे बोट दाखवलं. "पोलंडमधल्या फौजदारी कायद्याचे हे आद्य अभ्यासक. यांच्या एकमेव पुस्तकाचं नुकसान केलंस. विद्यापीठातून काढावंच लागेल तुला."

"वाईट हेतू नसेल तर गुन्हा होत नाही, असं त्यांनीच लिहिलंय, सर!"

"असं? कुठे?"

"मी कापलेल्या पानावर!" बोग्ना वैतागून म्हणाली. "बघा ना उघडून."

अध्यक्षांनी नकारार्थी मान हलवली. "पुस्तक पुरावा म्हणून सीलबंद आहे. निकाल लागल्यावरच उघडता येईल."