सातवं केळवण

लग्न ठरलं तेव्हा घरच्या ग्रुपवर ऋजुताने सहज लिहिलं होतं, की मला इटालियन आवडतं. तेव्हापासून प्रत्येक केळवणाला तिच्यापुढे पास्ताच येत होता आणि ती हसून संपवत होती. आत्याने त्याला जिऱ्याची फोडणी दिली. मामीने वरून दाण्याचं कूट पेरलं. चुलतवहिनीने तर कुकरमध्ये लझानिया लावला आणि तीन शिट्ट्या होऊ दिल्या.

सातव्या केळवणाला कुमुदमावशीने पाटाभोवती रांगोळी काढली, चांदीचं ताट मांडलं आणि खाली मान घालून म्हणाली, "रुसू नकोस गं. दोनदा केला, दोन्हीदा लगदा झाला. शेवटी पिठलं हाटलं आणि भात लावला."

ऋजुताच्या डोळ्यांत पाणीच आलं. मावशी घाबरली. पण ऋजुताने तीनदा भात मागून घेतला, कढईतली खरपुडीसुद्धा खरवडून खाल्ली आणि मावशीला घट्ट मिठी मारली.

ती चपला घालेपर्यंत मावशीने चष्मा लावून ग्रुपवर लिहून टाकलं, 'पास्ता बंद करा. पोरीला पिठलं आवडतं.'

एकामागून एक अंगठे उमटायला लागले. अजून नऊ केळवणं बाकी होती.