पंपिंग पस्तीस टक्के

दिनानाथ दवाखान्यात कुठून तरी व्हीलचेअर ढकलत आले. त्यांना धाप लागली होती.

"बस, वसू."

"अहो, मी चालून राहिले ना," त्यांची बायको वसुंधरा म्हणाली. तिने व्हीलचेअरवर फाइलची पिशवी ठेवली आणि त्यांनाच ओढून बाकावर बसवलं.

स्वस्थ बसतील तर ते दिनानाथ कसले! दर दोन मिनिटांनी काउंटरवर. "मॅडम, और कितना टाइम? हार्ट का मामला है।"

गेल्या आठवड्यात मराठी समाजाच्या आरोग्य शिबिरात दोघांनी जोडीने हृदयाचा इको काढला होता. रिपोर्ट वसुंधराने आणले. घरातला कागद न् कागद तीच वाचायची. वीज मंडळातून निवृत्त झाल्यापासून दिनानाथांनी चष्म्यालाही निवृत्त केलं होतं. "तुमचं ठीक आहे," ती म्हणाली, "माझं पंपिंग पस्तीस टक्के. पंचावन्न तरी हवं म्हणे."

हा भला माणूस ढसाढसा रडला. छातीत दुखत असताना दवाखान्याच्या फाटकातून दोनदा पळालेला, "मला काय धाड भरलीय" म्हणणारा माणूस! पण बायकोसाठी काय नाही केलं त्याने? तिचं मीठ कमी, म्हणून स्वतःचंही. तिला धूर नको, म्हणून चाळीस वर्षांची सिगरेट सुटली. बडा गणपतीच्या देवळाजवळची रविवारची कचोरीसुद्धा.

"पस्तीस म्हणजे नापासच का गं?" त्यांनी हळूच विचारलं.

"नुसत्या आकड्यावरून नाही कळत. नस तुंबलीय, व्हॉल्व्ह बिघडलाय की स्नायू थकलाय, ते बघतील. औषधाने पुष्कळांचं वर येतं, शिबिरातले डॉक्टर म्हणाले."

"आणि ॲडमिट व्हा म्हणाले तर?"

"तर व्हायचं. पळायचं नाही."

"मी बरा पळू देईन! घे गणपतीची शपथ."

"आधी तुम्ही घ्या."

"घेतली. डॉक्टर म्हणतील ते मुकाट्याने करायचं. बस?"

वसुंधराला भरून आलं. तिने तोंड फिरवलं.

दार उघडलं. नर्सने पुकारलं, "दिनानाथ पुरंदरेजी!"

"मेरा नहीं, इनका नंबर है," दिनानाथ धडपडत उठले. "वसू, नाव चुकवलं बघ यांनी."

वसुंधराने व्हीलचेअरवरची पिशवी उचलली. रिकामी खुर्ची तिने त्यांच्यापुढे सरकवली.

"चुकलं नाही, अहो. बसा," ती म्हणाली. "शपथ घेतलीय तुम्ही."